अधिकात पेरावे की नाही? मृग, मुहूर्त आणि आपले वावर



मे महिन्याच्या अखेरीस कोणत्याही गावात गेले की पारावर पहिला प्रश्न बियाण्याचा निघतो आणि दुसरा पावसाचा. ज्या वर्षी उन्हाळ्यात अधिक महिना येतो त्या वर्षी तिसराही निघतो. "साहेब, धोंड्याचा महिना हाये, पेरलं तं चालते काय?" २०२६ साली ज्येष्ठ महिना अधिक आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे सारी रोहिणी आणि मृगाचा पहिला आठवडा धोंड्यात. २०१८ साली असेच झाले होते, तेव्हा अधिक ज्येष्ठ १६ मे ते १३ जून होता. २००७ सालीही तेच. त्या वर्षांतही हा प्रश्न गावोगावी विचारला गेला आणि ज्याला जसे सुचले तसे उत्तर त्याने दिले.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेरणीच्या आठ दिवसांवर आपल्या कोरडवाहू जिल्ह्याचे सारे वर्ष अवलंबून असते. मुहूर्त पाहून घाई केली आणि पेरणी मोडली तर दुबार बियाणे घ्यावे लागते. मुहूर्तासाठी थांबलो आणि वापसा गेला तर हंगाम लांबतो. म्हणून पंचांग काय सांगते, काय सांगत नाही आणि वावरात त्याचा उपयोग किती, हे एकदा नीट समजून घेऊ.

एका पंचांगात दोन घड्याळे

पंचांग म्हणजे पाच अंगे: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचे अंतर पडले की एक तिथी होते. चंद्राची गती कमी-जास्त होत असल्याने तिथी कधी १९-२० तासांत संपते, तर कधी २६ तासांपर्यंत चालते. त्यामुळेच कॅलेंडरात एखादी तिथी गाळलेली दिसते आणि एखादी दोन दिवस दिसते. यात गूढ काही नाही. ते गणित आहे आणि ग्रहण मिनिटावर सांगता येते तेही याच गणितामुळे.

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे असते. दरवर्षी ११ दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात येईल. म्हणून सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. ज्या चांद्र महिन्यात सूर्य एकही रास ओलांडत नाही तो अधिक. १९ वर्षांनी हे चक्र जवळपास जसेच्या तसे फिरून येते, म्हणूनच २००७ आणि २०२६ या दोन्ही वर्षी ज्येष्ठच अधिक.

आता मुद्द्याची गोष्ट. सण, एकादशी, पोळा, दिवाळी हे चंद्राच्या घड्याळावर चालतात. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याच्या घड्याळावर चालतात. सूर्य एका नक्षत्रात १३-१४ दिवस राहतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, हे दरवर्षीचे ठरलेले. अधिक महिना आला तरी मृग एक दिवसही पुढे जात नाही, कारण अधिकाचा हिशेब चंद्राचा आणि मृगाचा सूर्याचा. पाऊस यायचा तो त्याच्या ऋतूत येतो, त्याला धोंडा ठाऊक नाही.

राहिला शास्त्राचा प्रश्न. अधिक महिन्यात लग्न, मुंज, वास्तुशांत, नवे व्रत अशी कामे वर्ज्य सांगितली आहेत, म्हणजे जी पुढे ढकलता येतात ती. रोजची आणि वेळेवरच करावी लागणारी कामे थांबवायला कुठे सांगितलेले नाही. म्हशीची धार अधिकातही काढतोच ना आपण? माझ्या भागातल्या दोन-तीन पुरोहितांना मी मुद्दाम विचारले. सर्वांनी एकच सांगितले की पेरणीला अधिकाची आडकाठी नाही. तेव्हा ही शंका इथेच संपवावी.

खर्चाचा एक मुद्दा मात्र राहतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण, अनारसे, कपडे, चांदीचा दिवा असा रिवाज वाढत चालला आहे. अधिकात लग्ने होत नाहीत, म्हणून ती सारी त्याआधीच्या मुहूर्तांवर दाटीने उरकली जातात. म्हणजे लग्नसराई, वाण आणि बियाणे-खत हे तिन्ही खर्च दीड-दोन महिन्यांत एकाच खिशावर येतात. पीककर्जाची रक्कम पेरणीसाठी असते. ती वाणात गेली तर जूनमध्ये सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो. जावई काही परका नाही, त्याला दिवाळीत देता येते.

मृग लागला, पण ओल कुठे आहे?

आपले वाडवडील मृगावर पेरत, हे खरे. पण ते मृगाची तारीख पाहून पेरत नव्हते, मृगाचा पाऊस पाहून पेरत होते. हा फरक आपण विसरलो, कारण त्यांच्याकडे कॅलेंडर नव्हते आणि आपल्या भिंतीवर ते टांगलेले आहे.

मृगाची तारीखही स्थिर नाही. आकाशातील नक्षत्रे आणि ऋतू यांच्यात फार सावकाश फरक पडत जातो, सुमारे ७१ वर्षांत एक दिवस. हवामान खात्यानेही २०२० साली मान्सूनच्या आगमनाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. त्यानुसार केरळात १ जून कायम राहिली, पण विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्याला अपेक्षित धरतात. म्हणजे मृग लागल्यावर आठवडाभर आपल्याकडे पावसाळा सुरू नसणे हेच आता सर्वसाधारण आहे. त्या आठवड्यात पडतात त्या बहुधा वळवाच्या सरी. त्यांनी माती भिजते, बियाणे फुगते, कोंब येतो आणि मग दहा दिवस ऊन पडते. दुबार पेरणीची कहाणी बहुतेक वेळा इथून सुरू होते.

सोयाबीन असो की कपाशी, ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय आणि वीतभर खोल ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये. हे मोजणे अवघड नाही. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको. रोज सकाळी पट्टीने पाण्याची उंची मोजा, वहीत लिहा आणि डबा रिता करा. बेरीज ७५ मि.मी., म्हणजे तीन इंच झाली की वावरात फावड्याने खणून ओल पाहा. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा मिळतो तोही पाहावा. पण मंडळाच्या गावी पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असे नाही, हे आपण सारे जाणतो.

काही शेतकरी धूळपेरणीत सरकी टोबतात. भारी जमिनीत ते कधी साधतेही. पण २०१७ सालच्या गुलाबी बोंडअळीच्या उद्रेकानंतर हंगामपूर्व कपाशी टाळण्याचा सल्ला सातत्याने दिला जातो. बियाणे विक्रीच्या तारखाही अनेक हंगामांत त्यासाठीच पुढे ठेवण्यात आल्या. लवकर लावलेल्या कपाशीला लवकर फुले येतात, पहिली अळी तिथेच पोसते आणि तिची पिलावळ साऱ्या शिवारावर पसरते. शिवाय २०२५-२६ साठी बीजी-२ कपाशीच्या एका पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरलेली होती. दुबार टोबणी म्हणजे हा पैसा दोनदा आणि मजुरीही दोनदा.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. थांबणारा दरवेळी जिंकतो असे नाही. शंभर मि.मी.ची वाट पाहता पाहता एकदम झड लागते, काळ्या जमिनीत पंधरा दिवस तिफण शिरत नाही, अशीही वर्षे येतात. माझ्याच सल्ल्याने थांबलेल्या एका शेतकऱ्याने नंतर मला चांगलेच सुनावले होते आणि मला ऐकून घ्यावे लागले. म्हणून शक्य असेल त्याने सारे वावर एकाच दिवशी पेरू नये. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन तुकड्यांत पेरणी केली तर जोखीम वाटली जाते.

अधिक महिन्यात करायचे खरे काम म्हणजे बियाण्याची उगवण पाहणे. घरच्या सोयाबीनचे सरसकट १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळा, ओलावा टिकवा. आठवडाभरात ७० किंवा अधिक दाण्यांना चांगले कोंब आले तर नेहमीचे प्रमाण ठेवून पेरा. त्याहून कमी आले तर बियाणे वाढवा आणि फारच कमी आले तर ते बियाणे बदला. याला ना तिथी लागते ना पैसा.

कोल्हा, बेडूक, हत्ती

नक्षत्राचे वाहन काय, हा आपल्याकडे आवडीचा विषय. हत्ती, म्हैस किंवा बेडूक असले की माणूस खूश. कोल्हा किंवा मेंढा निघाला की चेहरा उतरतो. मोर, गाढव, उंदीर मध्यम. घोडा असला की पाऊस डोंगरावर.

हे वाहन काढतात कसे? सूर्य ज्या नक्षत्रात शिरला तिथपासून त्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल तिथपर्यंत मोजायचे आणि आलेल्या आकड्याला ९ ने भागायचे. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव आणि शून्य उरले तर हत्ती. तुम्ही स्वतः करून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे.

या हिशेबात वारा नाही, ढग नाही, समुद्र नाही आणि गावही नाही. जे वाहन रत्नागिरीला तेच झरी-जामणीला आणि तेच सांगोल्याला. रत्नागिरीत त्या पंधरवड्यात पाऊस कोसळतो आणि सांगोल्यात धूळ उडते. एकच बेडूक दोन्हीकडे खरा कसा ठरेल? आपल्याच जिल्ह्यात उमरखेडला पूर आणि बाभूळगावला कोरडे, असे होते. तेव्हा वाहन गमतीने वाचावे, बियाण्याची पिशवी त्यावर फोडू नये.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी तर साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यांचा घट मांडतात, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यावर पाण्याची घागर ठेवतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कोणते धान्य किती हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, यावरून पिकाचे आणि पावसाचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी सांगितली जाते. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी तिला आव्हानही दिलेले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की रात्रभरात मुंगी, उंदीर, वारा कोणीही धान्य हलवू शकते. जत्रा म्हणून जा, नमस्कार करा. पण 'कपाशी साधारण, तूर चांगली' असे ऐकून पेऱ्याचे क्षेत्र बदलू नका. पेरा ठरवताना जमीन, पाणी आणि मागच्या वर्षीचा रोग पाहायचा असतो.

राहुकाळ किती वाजता?

रोजच्या वेळांचाही विचार करू. राहुकाळाची रीत अशी की सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. सोमवारी दुसरा भाग, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा भाग राहूचा. चौघडियाचीही अशीच आठ भागांची विभागणी असते. आपल्याकडचे बरेच व्यापारी तो पाहूनच गादीवर बसतात.

पुष्कळ ठिकाणी एक ठरीव तक्ता छापलेला असतो: सोमवार साडेसात ते नऊ, मंगळवार तीन ते साडेचार, वगैरे. हा तक्ता सूर्य बरोबर सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असे धरून केलेला आहे. यवतमाळात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य ५.४० च्या सुमारास उगवतो आणि सातला मावळतो. दिवस १३ तास २० मिनिटांचा, म्हणजे एक भाग दीड तासाचा नसून १०० मिनिटांचा. मग मंगळवारचा राहुकाळ ३.४० ते ५.२० येतो. डिसेंबरात दिवस लहान असतो, तेव्हा हाच भाग सुमारे ८२ मिनिटांचा होतो. शिवाय मुंबईपेक्षा यवतमाळला सूर्य सुमारे २० मिनिटे आधी उगवतो. मुंबईच्या वेळेने यवतमाळात मुहूर्त पाळणारा माणूस स्वतःच्याच नियमाने चुकलेला असतो. मोठ्या पंचांगात गावागावांचा फरक काढण्याचे कोष्टक असते, पण ते उघडतो कोण?

मतभेद तर पंचांगकर्त्यांतही आहेत. १९५२ साली केंद्र सरकारने शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तेव्हा देशात सुमारे तीस प्रकारची पंचांगे चालू असल्याचे आढळले. त्या समितीच्या अहवालावरून २२ मार्च १९५७ पासून शके गणनेचे राष्ट्रीय पंचांग लागू झाले. सरकारी कागदावर ती तारीख आजही येते, गावात मात्र ती कोणी वापरत नाही.

कोणी राहुकाळ पाळून बँकेत उशिरा गेला तर मला काही म्हणायचे नाही. पण एक अशुभ काळ या जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिलेला आहे, तो ध्यानात ठेवा. जुलै ते ऑक्टोबर २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट आणि कोंदट, अंगावर साधा सदरा, तोंडाला काही नाही, दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली आणि जोरदार फवारा मारणारे पंप. त्या माणसांनी कोणता चौघडिया पाहिला होता हे कोणी विचारले नाही.

फवारणीचा खरा मुहूर्त असा आहे. सकाळी दव सुकल्यावर ऊन तापायच्या आत, नाहीतर दुपारी चारनंतर. वारा पडलेला असावा आणि जो असेल तो पाठीमागून यावा. भर उन्हात, उपाशीपोटी, वाऱ्याच्या तोंडाला फवारणी म्हणजे राहुकाळ, मग वार कोणताही असो. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण कपडे. अधूनमधून बिडी-तंबाखू नको. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, यातले काहीही दिसले तर त्याच घडीला दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. 'अमावस्येची बाधा झाली' म्हणून कोणाकडे अंगारा घ्यायला नेण्यात गेलेला तास परत येत नाही.

अमावस्या मात्र कामाची

पंचांगाचा वावरात खरोखर उपयोग होतो तो अमावस्येला. बोंडअळीचे पतंग रात्री फिरतात आणि अंधाऱ्या रात्रींत त्यांची हालचाल व अंडी घालणे वाढते. म्हणून अमावस्येच्या मागेपुढे दोन-तीन दिवस कपाशीवर नजर ठेवण्याचा आणि ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करण्याचा सल्ला दिला जातो. कॅलेंडरावरचा काळा गोल हा आपला कीड सर्वेक्षणाचा दिवस समजावा.

पण इथेही एक मेख आहे. 'पोळ्याच्या अमावस्येला फवारायचे' असे बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसले आहे आणि पोळा तर अधिक महिन्यामुळे मागेपुढे होतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. समजा तिन्ही वर्षी तुमची सरकी २५ जूनला उगवली. मग पोळ्याला पीक २०२३ मध्ये ८१ दिवसांचे होते, २०२४ मध्ये ६९ आणि २०२५ मध्ये फक्त ५८ दिवसांचे. पाते-फुले लागण्याच्या दिवसांत हा २३ दिवसांचा फरक फार मोठा आहे. २०२६ साली अधिक आल्याने पोळा पुन्हा सप्टेंबरात जातो. पोळ्याची वाट पाहत बसलो तर त्याआधीची श्रावण लागतानाची अमावस्या हातची जाते.

म्हणून नियम असा ठेवावा. उगवणीपासून ४५ दिवस झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग दिसले, किंवा दहा फुलांत एखादी डोमकळी दिसली की तिथी न पाहता उपाय सुरू करा. त्यानंतरची प्रत्येक अमावस्या तपासणीची. पोळा बैलांचा सण आहे, तो बैलांसाठी साजरा करू.

अमावस्येला बैल जुंपत नाहीत, हा रिवाजही वाईट नाही. महिन्यातून एक दिवस जनावराला विसावा मिळतो, मजुरालाही मिळतो. पण नेमका त्याच दिवशी वापसा आला आणि पुढे झड सांगितली असेल, तर बैलाला आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी विसावा द्यावा. ट्रॅक्टरवाला अमावस्या पाळत नाही, हेही आपण पाहतोच.

मुहूर्ताचा भाव

सीतादही करून वेचणी सुरू होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास खासगी व्यापारी मुहूर्ताची खरेदी करतात. काट्याची पूजा, पहिल्या बंडीवाल्याला शेला-टोपी आणि चढा भाव. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि तो भाव वाचून गावोगावचे लोक गाड्या भरतात. तिथे गेल्यावर कळते की तो भाव पूजेच्या बंडीपुरताच होता. 'काल मुहूर्त होता भाऊ, आज बाजार हाये,' असे ऐकून माघारी कोण जातो? गाडीभाडे चढलेले असते, तेव्हा मिळेल त्या भावात कापूस उतरतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला होता. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्यानुसार कपात करते आणि त्यावर कापूस घेत नाही. पहिल्या वेचणीचा, दवात भिजलेला कापूस मुहूर्ताच्या घाईत नेला की नेमका इथे मार बसतो. तीन-चार दिवस उन्हात पातळ पसरून वाळवलेला कापूस हाच शुभ. त्या हंगामात हमीभावासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. ज्यांनी मुदतीत केली नाही त्यांच्या चांगल्या कापसालाही केंद्राबाहेर थांबावे लागले.

ई-पीक पाहणी, पीक विमा, कर्जाचे नूतनीकरण, नोंदणी या तारखांचेही एक पंचांगच आहे आणि त्यात क्षय-वृद्धी नसते. दाते पंचांग किंवा कालनिर्णय घरी आणले की त्याच पानांवर लाल पेनाने या तारखा लिहून ठेवाव्यात. आमच्याकडे तक्रारी येतात त्यातल्या कित्येक फक्त तारीख हुकल्याच्या असतात.

गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, आणि अंगणवाडी ताई यांनाही मुहूर्ताचे एक काम आहे. अक्षय तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, पाहायला न लागणारा मुहूर्त. त्या दिवशी लग्ने दाटीने लागतात आणि त्या गर्दीत अठराच्या आतल्या मुलीचेही लग्न उरकले जाते. अधिक येणार असेल त्या वर्षी ही घाई आणखी वाढते. २००६ च्या कायद्याने मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण लागतात, आणि गावात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे. पत्रिका छापण्याआधी, आठ-पंधरा दिवस अगोदर दाखला पाहिला तर घरात बसून समजूत काढता येते. मांडवात पोलीस आल्यावर दोन्ही घरांची फजिती होते. कळवण्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

दुसरे काम स्वस्तातले आहे. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एक साधे पर्जन्यमापक बसवावे आणि रोजचा आकडा फळ्यावर लिहावा. 'आजचा पाऊस इतका, हंगामाची बेरीज इतकी.' सातवी-आठवीची पोरे हे काम हौसेने करतील. जूनमध्ये चावडीवरच्या फळ्यावर '३२ मि.मी.' दिसले की पेरणीला निघालेला माणूस दारातून परत फिरेल. गावातल्या एकट्याने थांबायचे ठरवले की शेजाऱ्याची तिफण पाहून त्याचा जीव खालीवर होतो. सारे गाव एकच आकडा पाहत असेल तर थांबणे सोपे जाते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी हवामान खात्याची कृषी सल्ला पत्रिकाही त्याच फळ्याशेजारी लावावी.

बंधूंनो, पंचांग घरातून काढून टाका असे मी म्हणत नाही. माझ्याही घरी ते खिळ्याला टांगलेले आहे आणि आई त्यात चतुर्थी पाहिल्याशिवाय राहत नाही. सण-वार, लग्नकार्य, उपास त्यावरून खुशाल ठरवा. फक्त त्याच खिळ्याला दोऱ्याने एक वही बांधा. पहिल्या पानावर पाऊस, दुसऱ्यावर उगवण चाचणी, तिसऱ्यावर सापळ्यातले पतंग, चौथ्यावर सरकारी तारखा. धोंडा असो की निज, मृग कोरडा जावो की ओला, पेरायचे कधी ते वहीतला आकडा आणि वावरातली ओल सांगेल. अडचण आली तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला गाठा, नाहीतर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन लावा. पण बियाण्याची पिशवी फोडण्याआधी विचारा, फोडल्यावर नव्हे.